आधी कंबर, मग खांदे: हिलक्लाइंबची तयारी

श्रोतेहो, नमस्कार.

बंद केलेल्या घाटरस्त्यावर एकेक गाडी वर सोडायची आणि वेळ मोजायची, ही हिलक्लाइंब. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, म्हणून पुष्कळांना हा प्रकार सोपा वाटतो. पण ट्रॅकवर गाडी घसरली तर बाहेर मोकळी जागा असते; घाटात एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सुट्टीच्या दिवशी इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात मोबाइलवर वेळ लावून गाड्या पळवणं म्हणजे हिलक्लाइंब नव्हे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. त्याच रस्त्यानं ओंकारेश्वरला जाणाऱ्या बसगाड्या असतात, लेकरांना मधे बसवून निघालेली जोडपी असतात. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी एफएमएससीआयचा, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचा, परवाना काढावा आणि रस्ता बंद असेल, झेंडे घेऊन मार्शल उभे असतील, रुग्णवाहिका तयार असेल तिथेच गाडी न्यावी.

आता एक प्रसंग ऐका. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचा पर्वत आहे. 1916 पासून तिथे हिलक्लाइंब होते. सुमारे 20 किलोमीटरचा रस्ता, 156 वळणं, आणि शेवटची रेघ 4,302 मीटर उंचीवर. हवा इतकी विरळ की टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारं यंत्र, नसलेल्या इंजिनाची जवळजवळ तीस टक्के ताकद माथ्यावर पोचेपर्यंत गळून जाते.

2012 साली जंगलातल्या वणव्यामुळे जुलैतली शर्यत पुढे ढकलली आणि ती 12 ऑगस्टला झाली. पूर्वी या रस्त्याचा बराच भाग मातीचा होता. त्या वर्षी पहिल्यांदाच पायथ्यापासून माथ्यापर्यंत डांबर होतं. जेरेमी फोली हा चालक मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन घेऊन निघाला, शेजारी सहचालक युरी कुझनेत्सोव्ह. वर, जिथे झाडंही उगवत नाहीत अशा उंचीवर, डेव्हिल्स प्लेग्राउंड नावाची जागा आहे. तिथल्या वळणावर गाडी रस्ता सोडून गेली. पुढे नुसते दगड आणि उतार. गाडी उलटली, पुन्हा उलटली, आपटत आपटत खाली गेली. चौदा कोलांट्या झाल्या असं सांगतात. तुकडे उडताना चित्रफितीत दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, यातून कोणी उठणार नाही. दोघंही वाचले. दुखापती किरकोळ.

का वाचले? नशिबाचा भाग असेलही, पण आधी रोल केजकडे, म्हणजे गाडीच्या आत बसवलेल्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याकडे, बघा. चौदा कोलांट्यांनंतरही माणसं बसली होती तेवढी जागा शिल्लक राहिली. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत बोल्टनं बसवायच्या केजसाठी मापं दिलेली आहेत. मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या बिनजोड पोलादी नळीची, किंवा 50 व्यास आणि 2 जाडी. केजचे पाय जिथे गाडीच्या पत्र्यावर टेकतात तिथे किमान 3 मिलिमीटर जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी, आणि प्रत्येक पायाला एमआठचे, म्हणजे 8 मिलिमीटरचे, किमान तीन बोल्ट. पट्टी नसेल तर नळी वाकत नाही, ती पत्रा फाडून खाली घुसते आणि छप्पर डोक्यावर येतं. फर्निचरच्या पाइपचं केज जोडून देणारे फॅब्रिकेटर गावोगावी आहेत. तसलं केज बसवू नये, ते नसलेलं बरं.

आता सीटचे पट्टे. गाडी उलटते तेव्हा शरीर छताकडे ओढलं जातं आणि त्याला सीटमध्ये धरून ठेवतो तो कमरेचा पट्टा. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी कंबर, मग खांदे. सीटमध्ये पाठ पूर्ण मागे टेकवायची, कमरेचा पट्टा पोटावर नाही तर खाली, कुल्ल्याच्या हाडांवर बसवायचा आणि तो जोर लावून ओढायचा. त्यानंतर खांद्याचे. उलटं केलंत तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढून आणतात, आणि धडक झाली की आतड्याला, यकृताला मार बसतो. पुन्हा सांगतो, आधी कंबर, मग खांदे. खांद्याचे पट्टे मागे जाताना जवळजवळ आडवे असावेत, उतार फार तर वीस अंश. ते मागच्या सीटच्या जमिनीत खोल बांधले तर धडकेत मणके दाबले जातात. पट्ट्यावरची मुदतीची तारीख वाचा. ती उलटली की पट्टा बाद, आणि मोठ्या अपघातानंतर तारीख काहीही असो, बाद.

डोक्यासाठी मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या संस्थेच्या एसए खुणेच्या हेल्मेटची आगीची चाचणी झालेली असते, एम खुणेच्या हेल्मेटची नाही. मानेसाठी हान्स, म्हणजे खांद्यांवर बसणारं आणि हेल्मेटला क्लिपांनी जोडलेलं मानेचं रक्षक, दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागल्याची बोटानं चाचपून खात्री करून. सूटच्या आत सुती कपडे; नायलॉनचा टी-शर्ट वितळून कातडीला चिकटतो.

स्पर्धेआधी गाडीच्या तपासणीत हमखास सापडणारा दोष म्हणजे कट-ऑफ स्विच, गाडीची सगळी वीज तोडणारा. तो फिरवला की दिवे जातात, पण इंजिन चालूच राहतं, कारण इंजिनावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर त्याला वीज पुरवत असतो. घरीच बघा: इंजिन दोन हजार आरपीएमवर ठेवा, स्विच फिरवा, इंजिन बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर अल्टरनेटरची वायर तोडणारा जादा टर्मिनलचा स्विच बसवा. पट्टे बांधलेले असताना हात तिथे पोचतो का, तेही बघा. 2 किलोचा अग्निशामक धातूच्या पट्ट्यांनी आवळलेला असावा, प्लास्टिकच्या टायनं नाही. पायाखालची मॅट, जॅक, पाण्याची बाटली, सगळं बाहेर. बाटली ब्रेक पेडलखाली गेली की ब्रेक लागत नाही.

सुरुवातीला टायर थंड असतात आणि इथे गरम करायला फेरी मिळत नाही. त्यामुळे पहिली दोनतीन वळणं राखून घ्या. अंतर थोडं, हवेचा दाब फारसा वाढत नाही, म्हणून ट्रॅकसाठी ठेवता तसा कमी ठेवू नका. आदल्या दिवशी रस्ता पायी बघा. सावलीतल्या वळणावर सकाळी ओल असते, आणि वळणाच्या आतल्या कडेला खडी साचते.

लाल झेंडा दिसला की वेग उतरवून मार्शलच्या चौकीपाशी थांबायचं. गाडी बंद पडली तर उलटी घेऊन खाली यायचं नाही, मागून दुसरी गाडी सुटलेली असू शकते. स्विच बंद करा, उतरा, कठड्यापलीकडे उभे राहा.

शेवटची रेघ ओलांडल्यावरही संपलेलं नसतं. परत उतरताना सगळ्या गाड्या ताफ्यानं येतात आणि ब्रेक खरे तेव्हा तापतात. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट-4 प्रतीचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलेलं 155 च्या आसपास उकळू शकतं. मग पेडल थेट तळाला जातं. म्हणून स्पर्धेआधी ऑइल बदला, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या, आणि खाली पोचेपर्यंत पट्टा आणि हेल्मेट काढू नका. खाली आल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करा, चाकामागे ठोकळा लावा, आणि नटबोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा.