मिसिसिपीचे बाळ आणि विसावलेल्या पेशी

२०१० साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एचआयव्हीबाधित आईच्या पोटी जन्मलेल्या एका बाळावर, ते सुमारे ३० तासांचे असतानाच, औषधोपचार सुरू झाला. दीड वर्षाच्या सुमारास तो खंडित झाला. तरीही पुढच्या तपासण्यांत विषाणू सापडला नाही आणि २०१३ मध्ये मूल बरे झाल्याची वार्ता जगभर पसरली. औषधांविना २७ महिने गेले. जुलै २०१४ मध्ये मात्र रक्तात विषाणू पुन्हा दिसला. मग इतके दिवस तो होता कुठे?

एचआयव्ही सीडी४ या प्रतिकारयंत्रणेतील पांढऱ्या पेशीत शिरतो, आपल्या आरएनएवरून, म्हणजे आपल्या जनुकीय संहितेवरून, डीएनएची प्रत बनवतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रातच जोडून टाकतो. बहुतेक बाधित पेशी काही दिवसांत मरतात. थोड्या मात्र स्मृतिपेशी होऊन विसावतात. एकदा भेटलेल्या रोगजंतूची ओळख वर्षानुवर्षे जपणे हे या पेशींचे काम असल्याने त्या दीर्घायुषी असतात, आणि एरवी आपले रक्षण करणारा हाच गुण येथे विषाणूच्या पथ्यावर पडतो. विसावलेल्या पेशीत विषाणूची प्रथिने जवळजवळ बनतच नाहीत, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेला ती ओळखू येत नाही. औषधे नव्या पेशींची लागण रोखतात, पण गुणसूत्रात जोडलेल्या प्रतीला धक्का लावू शकत नाहीत. असा जिवंत विषाणू बाळगणारी पेशी विसावलेल्या दहा लाख पेशींत जेमतेम एखादी असते. तरीही, हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात आणि तो औषधांनी पूर्ण संपायला ७० हून अधिक वर्षे लागतील, असा अंदाज २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी मांडला. शिवाय या पेशी स्वतः विभाजित होतात आणि प्रत्येक विभाजनागणिक विषाणूची आयती प्रत तयार होते.

उपचार नसताना चित्र अगदी वेगळे असते. विषाणूच्या सुमारे ९,७०० अक्षरांच्या संहितेची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) आपल्या चुका तपासत नाही, आणि शरीरात रोज अब्जावधी विषाणू जन्माला येतात. त्यामुळे प्रतिपिंडे (अँटिबॉडी) एका रूपाला ओळखेपर्यंत दुसरे रूप पुढे सरसावते. औषधे ही उत्क्रांती जवळजवळ थांबवतात, पण तोवर घडलेली रूपे, औषधांना न जुमानणारीसुद्धा, विसावलेल्या पेशींत जुन्या दप्तरासारखी पडून राहतात.

मिसिसिपीच्या मुलात परतलेल्या विषाणूची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा तो जन्माच्या वेळी आईकडून आलेलाच असल्याचे आढळले.