शंभर किलोमीटरला दहापैकी किती?

नमस्कार. आज बोलायचंय ते फॉर्म्युला वनच्या शनिवारबद्दल. रविवारची मुख्य शर्यत साधारण 305 किलोमीटरची, दीड तास चालणारी. काही ठरावीक आठवड्यांत शनिवारी होणारी स्प्रिंट मात्र 100 किलोमीटरची. पिट स्टॉपची, म्हणजे टायर बदलायला थांबायची, सक्ती नाही, अर्ध्या तासात मामला खलास. आणि झेंडा पडायचा अवकाश, चाहत्यांचा निकाल लागलेला असतो. कुणी म्हणतं ‘भारी’, कुणी म्हणतं ‘झोप आली’, कुणी दहापैकी चार देऊन मोकळा. हे गुण आपण कशाला देतो, एवढाच माझा आजचा विषय.

पहिलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: ओव्हरटेक मोजा. जास्त ओव्हरटेक, जास्त मजा. मग मी तुम्हाला बेल्जियममधल्या स्पाची 2025 ची स्प्रिंट देतो, हिचे गुण सांगा.

मॅक्लारेनचा पिआस्त्री पोलवर, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागी, शेजारी दुसऱ्या जागी रेड बुलचा व्हर्स्टॅपन. फेऱ्या पंधराच, कारण स्पाची एक फेरीच सात किलोमीटरची. दिवे विझले, पिआस्त्री चांगला सुटला आणि ला सूर्सच्या वळणातून पहिला बाहेर पडला. तिथेच तो अडकला. स्पाला पहिल्या फेरीत पुढे असणं हाच तोटा, कारण ओ रूजचा चढ संपला की केमेलचा लांबच लांब सरळ रस्ता, आणि मागच्याला पुढच्या गाडीच्या आडोशाची हवा आयती मिळते. व्हर्स्टॅपन तसाच चिकटून आला, ले कॉम्बच्या वळणाआधी बाजूला झाला आणि पुढे गेला. पहिल्या नंबरासाठीचा ओव्हरटेक एवढा एकच. उरलेल्या चौदा फेऱ्या पिआस्त्री मागे लागलेला, पण हाती काही नाही.

आता ज्यानं ओव्हरटेक मोजले त्यानं तीन गुण दिले असणार. मी ती स्प्रिंट पडद्याच्या कडेचे आकडे बघत पाहिली. रेड बुलनं गाडी रस्त्याला दाबून धरणारा मागचा विंग हलका ठेवला होता, म्हणजे सरळ रस्त्यावर वेग जास्त आणि वळणांत पकड कमी. मॅक्लारेन मधल्या वळणावळणाच्या भागात अंतर खाऊन टाकायची, आणि केमेलवर डीआरएस, म्हणजे वेग वाढवायला मागच्या विंगमध्ये उघडायची फट, उघडूनही ते पुरेसं पडायचं नाही. दोघांमधलं अंतर सेकंदाच्या आतबाहेरच. व्हर्स्टॅपनकडून एक ब्रेक उशिरा लागला असता तर खेळ संपला होता. तो लागला नाही. आता न झालेल्या चुकीला गुण द्यायचे की नाही, यावर आमच्या मित्रमंडळींत जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात.

पण ‘झोप आली’ म्हणणाऱ्याचंही मला ऐकायचंय, कारण त्याच्या तक्रारीला आधार आहे आणि तो गुणतक्त्यातच सापडतो. रविवारी पहिल्याला 25, दुसऱ्याला 18. एक जागा वर गेलात तर सात गुणांची कमाई. 2022 पासून स्प्रिंटमध्ये पहिल्या आठांना गुण मिळतात, 8 पासून 1 पर्यंत, एकेकानं उतरत. म्हणजे दुसऱ्याचा पहिला झालात तर मिळणार एक गुण. आणि गमावणार काय? गाडी ठोकलीत तर काही तासांनी रविवारी कोण कुठून सुटणार ते ठरवणारं क्वालिफाइंग आहे, मेकॅनिक तोवर घामाघूम होऊन गाडी जोडत बसणार. नवव्या जागेच्या मागे तर आणखी अवघड. तिथून आठव्यात यायची आशा नसेल तर तेराव्याचा बारावा होऊन करायचं काय? ड्रायव्हर काही भित्रे नसतात. हिशेब त्यांना आपल्यापेक्षा बरा येतो, इतकंच. आपण त्याला कंटाळा म्हणतो.

शर्यत छोटी म्हणून फिकी, हे मात्र मला पटत नाही. आपल्याकडे घाटात बैलगाडा काही सेकंदांत वर जातो आणि त्यावर गाव आठवडाभर बोलतं. पणाला काय लागलंय ते प्रत्येकाला ठाऊक असतं म्हणून.

हे पणाला लागणं म्हणजे काय, ते ब्राझीलच्या इंटरलागोसनं 2021 मध्ये दाखवलं. स्प्रिंटचं ते पहिलंच वर्ष, आणि तेव्हाचे नियम वेगळे. शुक्रवारच्या क्वालिफाइंगवरून स्प्रिंटच्या जागा, आणि स्प्रिंटच्या निकालावरून रविवारच्या जागा. हॅमिल्टन शुक्रवारी सगळ्यांत वेगवान होता. मग मागच्या विंगची तपासणी झाली. डीआरएस उघडल्यावरची फट मर्यादेपेक्षा किंचित जास्त भरली आणि त्याला क्वालिफाइंगमधून बाद केलं. स्प्रिंटला तो विसावा, म्हणजे शेवटचा. विजेतेपदासाठी त्याची आणि व्हर्स्टॅपनची लढत ऐन रंगात आलेली. भारतात रात्रीचा एक वाजलेला.

चोवीस फेऱ्यांत तो पंधरा गाड्या वर आला. पहिल्या वळणाच्या आधी आतल्या बाजूला घुसायचं, ब्रेक शक्य तितका उशिरा लावायचा, पुढच्या गाडीमागे लागायचं. शेवटच्या फेरीत नॉरिसला मागे टाकून पाचवा. आणि या सगळ्याचे त्याला गुण किती मिळाले? शून्य! त्या वर्षी स्प्रिंटमध्ये फक्त पहिल्या तिघांना गुण होते, 3, 2, 1. चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या त्या स्प्रिंटच्या नायकाच्या खात्यात एक कवडीही पडली नाही. त्याला हवी होती ती रविवारची जागा. इंजिन बदलल्याची पाच जागांची शिक्षा आधीच डोक्यावर होती, त्यामुळे पाचव्याचा दहावा होऊन तो रविवारी सुटला, आणि जिंकला.

म्हणून मला वाटतं की स्प्रिंटचा जीव रविवारशी बांधलेल्या दोरीत होता. 2023 मध्ये ती दोरी कापली. तेव्हापासून स्प्रिंटच्या जागा वेगळ्या ठरतात, रविवारच्या वेगळ्या, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ती कापायला कारण होतं. ‘रविवारची जागा जाईल’ या धास्तीनं पुढचे ड्रायव्हर हातपाय आखडून चालवायचे. धास्ती गेली खरी, पण तिच्याबरोबर इंटरलागोससारखी शर्यत पुन्हा घडायचं कारणही गेलं. आता कुणी विसाव्यावरून पाचवा आला तर चार गुण घेऊन जाईल, आणि रविवारी त्याचं पान कोरं. आयोजकांचा हिशेब मला कळतो. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस तिकीट विकायला काहीतरी हवं. पण सौदा महागात पडला असं माझं मत आहे.

दोरी नसतानाही स्प्रिंट रंगते, नाही असं नाही. कतारमधल्या लुसैलची 2023 ची घ्या. काहींनी सॉफ्ट टायर लावले, म्हणजे पकड जास्त पण लवकर झिजणारे, काहींनी जास्त टिकणारे मीडियम. सॉफ्टवाल्या रसेलनं सुरुवातीलाच पिआस्त्रीला गाठून आघाडी घेतली, आणि थोड्याच फेऱ्यांत टायर बसले तसा तो परत मागे आला. पिट स्टॉप परवडत नाही, म्हणजे घेतलेला निर्णय निस्तरायची सोयही नाही. मधे तीनदा सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना सावकाश आपल्यामागे चालवायला लावणारी गाडी, आली, तिनं सॉफ्टवाल्यांचं मरण थोडं लांबवलं. पिआस्त्री जिंकला, आणि गुणतक्त्यात व्हर्स्टॅपनच्या मागोमाग असलेला पेरेझ अपघातात बाहेर पडला, त्यामुळे त्या स्प्रिंटमध्ये दुसऱ्या आलेल्या व्हर्स्टॅपनचं तिसरं जगज्जेतेपद शनिवारीच पक्कं झालं. टायरमधला फरक हे स्प्रिंटचं मोठं हत्यार आहे. अगदी पहिल्या स्प्रिंटलाही, 2021 मध्ये इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनला, अलोन्सो सॉफ्टवर अकरावा सुटला होता आणि पहिल्या फेरीतच पाचवा झाला. शेवटी सातवा आला, पण ती एक फेरी लोकांना तोंडपाठ आहे.

अपघाताचे गुण मी कापतो, हेही सांगून टाकतो. अमेरिकेतल्या ऑस्टिनला 2025 च्या स्प्रिंटमध्ये पहिल्याच वळणावर मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाद झाल्या. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, सगळे खडबडून जागे. तो थरार दहा सेकंदांचा. मग सेफ्टी कार, आणि शेवटही सेफ्टी कारमागेच. ज्यांना मॅक्लारेन आवडत नाही त्यांनी नऊ दिले, ज्यांना आवडते त्यांनी शून्य. असले गुण शर्यतीचे नसतात, टोपीच्या रंगाचे असतात. घड्याळाचाही वाटा असतोच. स्पाची स्प्रिंट भारतात दुपारी साडेतीनला होती, शनिवारच्या जेवणानंतर. त्या वेळी कुणाला झोप आली असेल तर सगळा दोष पिआस्त्रीच्या माथी मारता येणार नाही.

2026 च्या स्प्रिंटच्या यादीत सिंगापूर पहिल्यांदाच आलंय. दोन्हीकडे भिंती, अरुंद रस्ता, ओव्हरटेकला जागा मोजकी. पोलवाला सुटला की सुटला, असं रविवारीच होतं तिथे. त्यात मिळणार एक गुण आणि काही तासांनी क्वालिफाइंग, म्हणजे कोण कशाला घुसेल? मला त्या निवडीचं कोडं आहे.

माझे गुण विचाराल तर इंटरलागोसला नऊ. एक कापला, कारण बोत्तासनं सुरुवातीलाच सॉफ्ट टायरवर व्हर्स्टॅपनला मागे टाकल्यानंतर सगळ्यांत पुढे फार काही घडलंच नाही. लुसैलला आठ. स्पाला सात, आणि इथे बरेच जण भुवया उंचावताना दिसतायत. ऑस्टिनला तीन. आता तुमचे सांगा, मागच्या रांगेपासून सुरुवात करू.