नाताळच्या झाडाचं बी

(दृश्य: कॉकेशसचे डोंगरउतार. सप्टेंबर. उंच, गर्द फरची झाडं.)

जॉर्जिया देशातला राचा हा डोंगराळ मुलूख. अंब्रोलाउरी हे इथलं छोटंसं गाव. भोवतालच्या जंगलात नॉर्डमन फरची जुनी झाडं उभी आहेत. हे झाड ५०-६० मीटरपर्यंत जाऊ शकतं. युरोपात नाताळला घरोघरी जी झाडं सजतात, त्यांतल्या लाखो झाडांचं बी याच उतारांवरून गेलेलं असतं.

हे बी जमिनीवर वेचता येत नाही. पाइनचा शंकू अख्खा खाली पडतो. फरचे शंकू मात्र शेंड्याजवळच्या फांद्यांवर ताठ उभे वाढतात आणि पिकले की झाडावरच खवला न् खवला सुटून विखुरतात. पंख असलेलं बी वाऱ्याबरोबर निघून जातं. म्हणून बी तयार झालंय, पण शंकू अजून सुटलेला नाही, अशा मोजक्या दिवसांत माणसाला वर पोचावंच लागतं.

(दृश्य: खोडावर चढणारा माणूस. राळेनं काळे झालेले हात.)

कोकण-गोव्यात पाडेली माडावर चढतो, तसंच हेही पोटासाठी शिकलेलं कसब. पण माडाचं खोड वरपर्यंत जवळजवळ सारखंच जाड असतं. फर वर निमुळता होत जातो, आणि शंकू नेमके तिथेच असतात, जिथे खोड माणसाच्या वजनानं डोलायला लागतं. कित्येक वर्षं माणसं दोराशिवाय चढत आली. आता काही कंपन्या दोर, पट्टे, प्रशिक्षण आणि विमा देतात. ते सगळ्यांनाच मिळायला हवं. दुकानातल्या झाडाच्या किमतीवर पहिला हक्क या चढणाऱ्याचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

नाताळसाठी शेतात वाढवलेल्या झाडांचंच बी का धरत नाहीत? कारण नाताळचं झाड दहा-बारा वर्षांचं झालं की तोडतात, आणि फरला शंकू धरायला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागतात. डेन्मार्कमध्ये खास बियांसाठी राखलेल्या बागा आहेत, तरी राचाच्या जंगलाची गरज संपलेली नाही.

(दृश्य: ओलसर वाळूत मिसळलेलं बी.)

या बियाला आधी हिवाळा हवा. रात्रभर भिजवायचं, निथळायचं, ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरायचं आणि फ्रिजमध्ये चार ते आठ आठवडे ठेवायचं. एरवी डोंगरातला बर्फ हेच काम करतो. थंडी भोगलेलं बी एकसारखं उगवतं. पण बरंचसं बी पोकळ निघतं, तेव्हा हवी त्याहून बरीच जास्त पेरणी करावी. थंड देशात स्थायिक झालेल्या मराठी घरांनी हे जरूर करून पाहावं. वसईत किंवा गोव्यात मात्र फरचा हट्ट नको. तिथे सुरूची फांदी किंवा कुंडीतला अरोकेरिया कधीचा नाताळचा झालेला आहे.

(दृश्य: वाफ्यातली इवली रोपं.)

माती फोडून वर येतात त्या सुयांसारख्या बीजपत्रांच्या छोट्या चांदण्या. पहिल्या वर्षात रोप बोटभरही वाढत नाही. उन्हाचा कडाका नको, मुळाशी पाणी साचायला नको. साचलं की बुरशी येते आणि रोप बुडाशी कुजून आडवं होतं. हा काळ माणसाची चिकाटी पाहणारा आहे. तीन-चार वर्षांनी रोपवाटिकेतून रोप शेतात जातं.

(दृश्य: डेन्मार्क. झाडांच्या रांगांमधून चरणाऱ्या मेंढ्या.)

या मेंढ्या श्रॉपशर जातीच्या. त्या गवत खातात आणि फरला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तणाचं काम त्यांच्याकडे. शेतकऱ्याची नजर असते शेंड्यावर. वसंतात उशिरा पडलेलं गोठलेलं दहिवर कोवळी फूट जाळतं, जड पक्षी बसला तर शेंडा मोडतो; म्हणून शेतात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवतात. शेंडा फार वेगानं वाढला, तर फांद्यांच्या दोन कड्यांमध्ये (खोडाभोवती एकाच उंचीवर गोल फुटलेल्या फांद्या म्हणजे एक कडं) मोठी पोकळी पडते आणि झाड विरळ दिसतं. मग पकडीसारख्या हत्यारानं त्याच्या सालीवर खाचा पाडून वाढ आवरतात. हे प्रत्येक झाडापाशी जाऊन, हातानंच.

फरला दर वर्षी फांद्यांचं एक कडं येतं. झाड घेताना ती कडी मोजा, म्हणजे झाडाचं वय कळेल. सर्वांत खालची कडी बहुधा छाटलेली असतात, तेव्हा तीन-चार वर्षं त्यात आणखी मिळवा.