अलोन, लोनली आणि रविवारचं जेवण

नमस्कार श्रोतेहो.

माझा भाचा शिकायला इंग्लंडला गेला. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी जिन्यात विचारलं, घरी कोण कोण असतं? खोलीत मी एकटाच राहतो, एवढंच त्याला सांगायचं होतं. बोलून गेला, ‘आय ॲम लोनली हिअर.’ आजींचा चेहराच उतरला. रविवारी त्यांनी त्याला जेवायला बोलावलं, उकडलेले बटाटे आणि मटार वाढले, आणि आईची आठवण येते का, म्हणून दोनदा विचारलं.

त्याला म्हणायचं होतं, ‘आय लिव्ह अलोन.’

घोळ होतो आपल्या ‘एकटा’मुळे. ‘मी एकटा आहे’ ही नुसती मोजदाद. ‘मला एकटं वाटतं’ म्हटलं की ऐकणारा जवळ सरकतो. शब्द तोच, फरक पाडतं ते ‘वाटणं’. इंग्रजीत बहुधा शब्दच बदलावा लागतो. सोबत कोणी नाही, तो अलोन. कोणीतरी असावं असं वाटतंय आणि नाही, तो लोनली. म्हणून संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर खांद्याला खांदा घासत चाललेला माणूसही लोनली असू शकतो. ब्रिटनमध्ये २०१८ साली एका मंत्र्यांकडे हा विषय सोपवला, तेव्हा जबाबदारीच्या नावात शब्द होता ‘लोनलीनेस’. एकटं राहणाऱ्यांची शिरगणती त्यांना करायची नव्हती.

गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरातले. ‘ऑल’ आणि ‘वन’ जुळून ‘अलोन’ झाला. तेव्हा ‘वन’ला आजच्यासारखा व नव्हता, तो जुना उच्चार अलोन आणि ओन्लीमध्ये टिकून राहिला. पुढे अलोनचा अ गळाला, ‘लोन’ उरला, त्यातून लोनली. (हा लोन बँकेतला नव्हे, कानाला मात्र अगदी तसाच.)

आता एक खोड सांगतो. अलोन नामाच्या आधी बसत नाही. ‘ॲन अलोन मॅन’ म्हणता येत नाही. मग आपण ‘अ लोनली मॅन’ म्हणतो, आणि बाकावर मजेत शेंगा खाणारा माणूस उगाच दुःखी होतो. ‘अ मॅन वॉज सिटिंग अलोन’ म्हणा, काम झालं. रस्त्याला लोनली म्हटलं तर तो निर्मनुष्य, रस्त्याला कसलं दुःख. आईबापांना एकटाच असलेला मुलगा अलोन नव्हे, ‘ओन्ली चाइल्ड’. आणि गणित कुणाला न विचारता एकट्याने सोडवलं असेल, तर ‘ऑन माय ओन’.

सॉलिट्यूड मात्र आपण होऊन घेतलेला. तुकोबा भंडारा डोंगरावर जाऊन बसत, तो एकांत म्हणजे सॉलिट्यूड. त्याच लॅटिन मुळाचा सॉलिटरी तुरुंगात गेला की अर्थ फिरतो. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये जवळपास सातशे कोठड्या होत्या, एका कोठडीत एकच कैदी, शेजारच्याचं तोंडही दिसू नये अशा बेताने बांधलेल्या. ते सॉलिटरी कन्फाइनमेंट. त्याला एकांत म्हणायला जीभ रेटत नाही.

भाच्याला मी हे सगळं फोनवर समजावलं. त्याला पटलंही. आजींना मात्र त्याने अजून काही सांगितलेलं नाही. दर रविवारी जेवायला जातो.