पाऊस मोजता येतो, दुष्काळ कसा मोजायचा?

नमस्कार! एक साधा प्रश्न विचारते. दुष्काळ सुरू कधी होतो? पुराची तारीख सांगता येते, भूकंपाची तर सेकंदासकट वेळ सांगतात. दुष्काळ मात्र पावलं न वाजवता येतो. आलाय हे कळेपर्यंत विहिरीनं तळ गाठलेला असतो.

माझी पीएचडी याच विषयावर चालू आहे. आधी वाटलं होतं, पावसाचे आकडे घ्यायचे, गणित मांडायचं, झालं! ते गणित तर तयारच आहे. १९९३ मध्ये मॅकी, डोस्कन आणि क्लाइस्ट या तिघांनी एसपीआय, म्हणजे प्रमाणित पर्जन्य निर्देशांक मांडला. एखाद्या ठिकाणची किमान ३० वर्षांची पावसाची नोंद घ्यायची आणि यंदाचा पाऊस नेहमीपेक्षा किती ढळला ते बघायचं. हा निर्देशांक उणे १ च्या खाली गेला की दुष्काळ, उणे २ च्या खाली अतितीव्र. गंमत अशी, की एकाच जागी गेल्या ३ महिन्यांच्या पावसाचा एसपीआय बरा आणि १२ महिन्यांचा वाईट असू शकतो. वर पीक हिरवं, खाली भूजल आटलेलं. दोन्ही खरं.

इथवर सोपं. गाडी अडते ती माणसांपाशी.

२०१८ मध्ये युरोपातल्या ऱ्हाइन नदीचं पाणी इतकं उतरलं, की मालवाहू जहाजांना पूर्ण माल भरता येईना. दुष्काळ म्हटलं की शेत आठवतं. जहाज कुणाला आठवतं? त्याच वर्षी केपटाउनमध्ये माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बोअर मारली. सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्यांना मात्र इतक्याच पाण्यात भागवण्याची आधीपासूनच सवय होती.

आता जहाजाचा तोटा कुठल्या तरी वहीत चढतो. पाण्याच्या रांगेत गेलेले तास कुठे चढतात? पाण्यापायी शाळा सोडावी लागलेली मुलगी? म्हणून आम्ही जुन्या बातम्या, दवाखान्यांच्या नोंदी, कर्जाचे आकडे, जे हाती लागेल ते चाळतो. त्यातही फसगत होते. बातम्यांवरून नकाशा काढला, की दुष्काळ शहरांभोवती जास्त दिसतो, कारण बातमीदार तिथे जास्त! शिवाय एखादं कुटुंब गाव सोडून गेलं, तर ते पाण्यापायी की आधीच्या कर्जापायी? बहुतेकदा दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात आणि कोष्टकात तर एकच रकाना असतो.

सध्या माझा सगळ्यात जास्त वेळ रिकामे रकाने खातात. तिथे खरंच काही घडलं नाही, की कुणी लिहिलंच नाही? उपग्रहाच्या चित्रात हिरवळ करपलेली आणि बातमी मात्र एकही नाही, अशा जागा मी वेगळ्या काढल्यात. आता तिथे जाऊन लोकांना विचारायचंय.