शून्य रुपयांचं तिकीट

मुंबई सेंट्रलचा एसटी स्टँड. कोकणच्या गाडीत वाहक आजोबांचं आधार कार्ड बघतात, मशीनचं बटण दाबतात. तिकिटावर रक्कम शून्य.

२६ ऑगस्ट २०२२ पासून 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजनेत पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला भाडं निम्मं. पण फुकट आहे म्हणून तिकीट न घेता बसायचं नाही. याच तिकिटांच्या हिशेबावर महामंडळ सरकारकडून पैसे मागतं, आणि तपासनीस चढला की तोही हीच चिठ्ठी मागतो.

खरा वाद होतो जन्मतारखेवरून. काही आधार कार्डांवर नुसतं जन्मसाल छापलेलं असतं. पंचाहत्तरी नेमकी चालू वर्षातच येत असेल, तर वाहकाने कशावरून ठरवायचं? अशा वेळी पूर्ण तारीख असलेलं दुसरं ओळखपत्र जवळ हवं: पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. आरक्षण केलं तर आरक्षणाचा आकार मात्र भरावाच लागतो.

महिलांना १७ मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं भाडं. तरी आकडा बरोबर निम्मा येत नाही, कारण अपघात सहायता निधी आणि वातानुकूलित गाडीचा जीएसटी वेगळा लागतो. वाहकाने जास्त घेतले, असं वाटतं ते इथेच. पणजीच्या गाडीत आणखी एक मेख आहे: सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढे गोव्यातलं भाडं पूर्ण.

मुंबई शहरात आलं की हिशेब बदलतो. बेस्टची गाडीही लालच, म्हणून गोंधळ होतो. पण बेस्ट महापालिकेची. तिथे वाहकाला एसटीची सवलत सांगून उपयोग नाही. मे २०२५ पासून किमान भाडं १० रुपये, एसीचं १२. रेल्वेने लांब पल्ल्याच्या गाड्यांतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली.

मेट्रोच्या २ अ आणि ७ या मार्गांवर पासष्टीपुढचे, दिव्यांग आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांना २५ टक्के सूट आहे, पण ती सुट्या तिकिटावर नाही. 'मुंबई वन' कार्डावर ४५ किंवा ६० फेऱ्यांचा पास घ्यायचा, मुदत ३० दिवस. रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला तो परवडतो. महिन्यातून चारदा दवाखान्यात जाणाऱ्या आजींनी सुटं तिकीटच काढावं.