नव्याचे नऊ दिवस सरल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

नवी वही येते, नवे बूट येतात, पहाटे साडेपाचचा गजर लागतो. पहिला आठवडा झोकात जातो. मग एका रात्री झोपायला उशीर होतो, सकाळी गजर बंद करून कूस बदलली जाते आणि पहिला खाडा पडतो. त्याला लागून दुसरा. महिन्याभरानं ते बूट कपाटाखाली धूळ खात असतात. आपल्या भाषेनं हे केव्हाच हेरून ठेवलं आहे, नव्याचे नऊ दिवस. आणि अशा माणसाला आरंभशूर म्हणून आपण मोकळे होतो. आज बोलायचं आहे ते दहाव्या दिवसाबद्दल. उत्साह ओसरल्यावर काम कशाच्या आधारानं चालू राहतं, त्याबद्दल.

सारा मिल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. पहिल्याला व्यायामाबद्दल विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाचे हृदयाला होणारे फायदे पटवून दिले. तिसऱ्याला तेच फायदे सांगितले, शिवाय एक वाक्य पुरं करून घेतलं: पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी किमान २० मिनिटं व्यायाम करेन. आठवड्यानंतर पाहिलं, तर पहिल्या गटातल्या ३८ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला होता, दुसऱ्यातल्या ३५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी. दुसऱ्या गटाकडे जरा थांबून पाहा. त्यांना सगळं पटलं होतं, पावलं मात्र हलली नाहीत. प्रेरणा देणारं काही ऐकलं की आपलंही हेच होतं. मनाला उभारी येते खरी, पण ती कुठे आणि केव्हा खर्च करायची हे ठरलेलं नसतं.

तेव्हा सुरुवात अशा एका वाक्यापासून करायची. मात्र रोजच्या सवयीसाठी घड्याळापेक्षा आधीची एखादी कृती जास्त भरवशाची असते. घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं. दात घासायचे मात्र सहसा कुणी विसरत नाही. या आधीच्या कृतीला आपण खुंटी म्हणू, कारण नवी सवय तिच्यावर टांगायची आहे. वाक्य असं होईल: 'सकाळी दात घासून ब्रश जागेवर ठेवला, की तिथंच उभं राहून मी दहा उठाबशा काढेन.'

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. नुसतं 'दात घासल्यावर' पुरत नाही, 'ब्रश जागेवर ठेवला की' असं हवं. ब्रश ठेवताना टक्‌ असा आवाज होतो, हात मोकळा होतो, तो क्षण चिमटीत सापडतो. उलट 'रात्री जेवण झाल्यावर वाचेन' हे वाक्य हमखास फसतं. जेवण नेमकं कधी झालं? ताट उचललं तेव्हा, भांडी आवरली तेव्हा, की गप्पा संपल्या तेव्हा? ज्या कृतीला ठळक शेवट नाही, तिच्यावर काही टांगता येत नाही. दाराची कडी लावणं, चपला काढणं, कामाचा संगणक बंद करणं या पक्क्या खुंट्या आहेत.

खुंटी निवडताना ती किती वेळा येते तेही मोजा. सवय रोजची हवी असेल आणि खुंटी 'कामावरून घरी आल्यावर' ही असेल, तर सुट्टीचे सगळे दिवस कोरे जातील. जागाही एकच हवी. खुंटी न्हाणीघरात आणि वही माडीवर, असं असलं की सवय मधल्या जिन्यातच हरवते. लिहायचं असेल तर वही त्या पानावर उघडी ठेवून, वर पेन आडवं टाकूनच झोपायला जा. आणि ज्या कामाला डोकं लागतं त्याला दिवसातली शेवटची खुंटी देऊ नका. तिथपर्यंत पोचताना अंगात काही उरलेलं नसतं.

आता माप. सवय एवढी लहान ठेवा, की अगदी थकलेल्या दिवशीही ती दोन मिनिटांत उरकेल. तासभर लिहिण्याऐवजी पाच ओळी. पाच ओळींनी काय होणार, असं मनात येईल. पण पहिले दोन-तीन महिने आपण वहीपाशी येऊन बसायला शिकत असतो, एवढंच. हात सुटला त्या दिवशी खुशाल दोन पानं लिहा, ठरलेलं माप मात्र पाच ओळींचंच राहू द्या. बहुतेकांचा पाय इथंच घसरतो. चांगला दिवस पाहून माप वाढवलं जातं आणि वाईट दिवशी ते पेलत नाही.

अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? २१ हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकाकडे जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान साधारण २१ दिवस जातात, असं त्यांनी नोंदवलं होतं. पुढे 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी हवी ती सवय आली. हा आकडा नुकसान करतो असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बाविसाव्या दिवशी जड वाटलं की माणूस स्वतःलाच नापास ठरवतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे मागोवा घेतला. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं पाणी पिणं, फळ खाणं, धावणं अशातली एक सवय निवडून ती रोज एकाच खुणेला जोडली होती. कृती आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. पण फरक केवढा, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे वाढीच्या आलेखावरून काढलेले अंदाज आहेत). व्यायामासारख्या सवयींना पेलाभर पाणी पिण्यापेक्षा जास्त दिवस लागले. आणखी एक गोष्ट दिसली: सहजपणा सुरुवातीला भराभर वाढतो, मग वाढ मंदावत जाते. काम पुढे सरकतच असतं, फक्त रोजची भर डोळ्यांना दिसत नाही. त्या मंदावण्यालाच आपण 'माझा उत्साह संपला' असं नाव देतो.

याच अभ्यासात एखाद्या खाड्यानं जवळजवळ काही बिघडलं नाही. बिघडतं ते खाड्यानंतर मनाशी बोललेल्या वाक्यानं: 'मोडलंच आहे, तर आता एक तारखेपासून नव्यानं सुरू करू.' खाडा पडला की दुसऱ्या दिवशी माप निम्मं करा, दुप्पट नको. चुकलेल्या पाच आणि आजच्या पाच अशा दहा ओळींची थकबाकी घेऊन बसलं, की वहीकडे बघवत नाही. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: खुंटी आली होती का? आलीच नसेल, म्हणजे प्रवास होता, दिनक्रम बदलला होता, तर खुंटी बदला. आली होती तरी काम झालं नाही, तर माप मोठं आहे, ते कमी करा. या दोन दुरुस्त्यांत बरंच काही रुळावर येतं, स्वतःला बोल लावायची वेळच येत नाही.

ध्येय मोठं असू द्या, पण रोज मोजायचं ते आपल्या हातातलं. परीक्षेतले गुण, वजनाच्या काट्यावरचा आकडा यांच्यात चार दिवस काही हालचाल दिसली नाही की उमेद खचते. सोडवलेली गणितं, चाललेली मिनिटं संध्याकाळी मोजता येतात आणि ती कुणी हिरावून घेत नाही. एका वेळी सवयही एकच लावा. पहिली सलग दोन आठवडे आठवण न करता होऊ लागली, की मगच दुसरी.

नको असलेली सवय सोडवतानाही खुंटीच शोधायची. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रपटगृहातल्या काही प्रेक्षकांना ताजे, तर काहींना आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले होते. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी ते न आवडूनही ताज्या पॉपकॉर्नइतकेच खाल्ले. मात्र नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं खायला सांगितलं, तेव्हा शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले गेले. हात अडखळला आणि चव जाणवली. अंथरुणात फोन चाळण्याची सवय अशीच अडखळवता येते. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर लावा आणि गजरासाठी वेगळं घड्याळ ठेवा. फोन हवाच असेल तर उठून जावं लागेल, आणि उठताना आपण काय करतोय ते कळेल.

आज रात्री एक कागद घ्या. वर 'अमुक झालं की मी तमुक करेन' हे तुमचं वाक्य लिहा. खाली एका ओळीत ७ याप्रमाणे १२ ओळी चौकोन आखा, म्हणजे ८४ दिवस होतात. काम झालं की चौकोनात फुली मारा, खाड्याचा चौकोन कोरा सोडा. कागद खुंटीच्या जागीच, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा आणि शेजारी दोऱ्यानं पेन्सिल बांधून ठेवा. पेन्सिल शोधायला दुसऱ्या खोलीत जावं लागलं, तर चौथ्या दिवसापासून फुल्या थांबतात.